थोरला, धाकटा आणि उघडं दार

माणसानं घरात काय वाट्टेल ते पाळावं, मांजर पाळावं, पोपट पाळावा, वेळ पडली तर बिनलग्नाचा दीर पाळावा, पण सर्व्हर पाळू नये, असं काम्शातचं स्पष्ट मत होतं. अल्माटीतल्या त्यांच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात ती ते कोणी विचारलेलं नसतानाही सांगायची. ऐकणाऱ्याला सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नसलं, तरी तिच्या चेहऱ्यावरून एवढं कळायचं की तो खातो फार आणि घरात कवडीच्या कामाचा नाही.

सर्व्हर तिच्या नवऱ्याचा, तोक्तारचा. तोक्तार नकाशे करणाऱ्या सरकारी कचेरीत होता. कचेरीनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर त्यानं घरी आणला, त्यात नवी डिस्क बसवली आणि काचा लावलेल्या बाल्कनीत त्याची प्रतिष्ठापना केली. जागा नेमकी म्हणाल तर एका बाजूला लोणच्याच्या बरण्या आणि दुसऱ्या बाजूला हिवाळ्याच्या बेगमीचं घोड्याचं खारवलेलं मांस. दोघांनाही थंडी मानवते, असं तोक्तारचं म्हणणं. "मांस निदान खाता तरी येतं," असं काम्शातचं.

"आजपासून," प्रतिष्ठापनेच्या दिवशी तोक्तार खोलीच्या मधोमध उभा राहून म्हणाला होता, "या घरातलं काहीही हरवणार नाही!"

"मग कात्री कुठंय?" काम्शातनं विचारलं.

कात्री काही सापडली नाही. पण असल्या क्षुल्लक गोष्टींनी डळमळणारा माणूस तोक्तार नव्हे. त्याच्या डोक्यात कात्री नव्हतीच. त्याच्या डोक्यात होते त्याचे वडील, दोसान. गावात गुरांचे डॉक्टर होते, आणि दोन तारांचा दोंब्रा असा वाजवायचे की आजारी गायसुद्धा चघळायचं थांबवून ऐकायची. वडील गेले, दोंब्रा चुलतभावाकडे गेला, आणि मागे राहिल्या त्या कॅसेटी. एका हिवाळ्यात कुणी पाहुण्यानं टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर भरलेल्या. वडिलांचा आवाज जगात दुसरीकडे कुठंच नव्हता.

तोक्तारनं त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. मग, ज्याच्याकडे सर्व्हर आहे त्याला कॅसेटी कशाला हव्यात, असं एक छोटंसं भाषण काम्शातला देऊन त्यानं त्या स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकल्या. ती "राहू द्या ना" म्हणाली होती. हे वाक्य पुढे तिनं त्याला किती वेळा ऐकवलं, त्याचा बॅकअप तोक्तारच्या डोक्यात कायमचा आहे.

त्यातल्या सर्वात सुंदर धुनेत एक खोट होती. धून ऐन रंगात आलेली असताना वडील एकदम थांबतात आणि ओरडतात, "तोक्तार, दार लाव! थंडी येतेय!" मग लगेच, जसं काही झालंच नाही, पुन्हा वाजवायला लागतात. तोक्तार तेव्हा शाळेत होता आणि दार उघडं टाकून बाहेर पळणं हा त्याचा आवडता उद्योग होता. वडिलांनी जन्मभर त्याला दुसरं काही सांगितलं की नाही कोण जाणे, पण हे मात्र रोज सांगितलं.

आता तोक्तारची आई, आपा, ऐंशीची होणार होती. मोठी टोई, म्हणजे मेजवानी, ठरली होती. हॉल, झाडून सगळे नातेवाईक, व्याही, व्याह्यांचे व्याही. आणि त्या टोईत, जेवणाच्या मध्यावर, मोठ्या स्पीकरवर दोसान यांची धून वाजणार होती. गावाकडचा टेपरेकॉर्डर मोडल्यापासून आपानं ती ऐकली नव्हती. "टोईला ऐकवतो, आपा," तोक्तारनं फोनवर शब्द दिला होता. आणि एवढ्या मोठ्या समारंभात वडिलांनी सगळ्या व्याह्यांसमोर आपल्याला दार लावायला सांगू नये म्हणून त्यानं संध्याकाळच्या संध्याकाळी खपून धून स्वच्छ केली होती. दार काढून टाकलं होतं. मूळ फाइलसुद्धा ठेवली होती, कारण आता या घरातलं काहीही हरवणार नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण खालच्या मजल्यावर गेन्नादी पेत्रोविच राहायचे.

गेन्नादी पेत्रोविच म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. त्यांना जगात होऊ शकणारा प्रत्येक अपघात आधीच दिसायचा. त्यांनी बाल्कनीत येऊन सर्व्हरकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

"आणि हा मेला तर?" ते म्हणाले.

"डिस्क नवी आहे की."

"नवी माणसंही मरतात. बाहेरच्या दोन हार्ड डिस्का घे. दोन्हींवर सगळं उतरवून ठेव. एक घरात, एक घराबाहेर. घर जळलं म्हणजे?"

"घर जळलं तर डिस्क घेऊन मी करू काय?"

"रस्त्यावर बसून घराचे फोटो बघशील," गेन्नादी पेत्रोविच गंभीरपणे म्हणाले.

तोक्तारला हे पटलं. त्यानं दोन काळ्या, तळहाताएवढ्या डिस्का आणल्या आणि त्यांची नावं ठेवली थोरला आणि धाकटा. दर रविवारी तो दोघांना आळीपाळीनं सर्व्हरला जोडायचा आणि जोडलेला असताना कुणाला बाल्कनीत येऊ द्यायचा नाही. काम्शातला मांस काढायचं असलं तरी थांबावं लागे. "बाळंतीण आहे का ती?" ती दाराबाहेरून विचारायची. धाकटा पुढे कधीतरी गेन्नादी पेत्रोविचांकडे जायचा होता, तूर्त तो टेबलाच्या खणात राहायचा. थोरला बाल्कनीत. त्याला दमट हवा लागू नये आणि आकाशातल्या लहरी बाधू नयेत म्हणून तो चंदेरी पन्नीत नीट गुंडाळून ठेवावा, हाही सल्ला मास्तरांचाच. पन्नी काम्शातच्या स्वयंपाकघरातली. तीच, जिच्यात ती मांसाचे तुकडे गुंडाळायची. हे तोक्तारच्या लक्षात होतं, पण त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही.

एवढ्यात इमारतीत बोलवा उठली. तोक्तारच्या बाल्कनीतून रात्रंदिवस घूंऽऽ असा आवाज येतो, तेव्हा तो कॉम्प्युटरवर बिटकॉइनची नाणी पाडतोय, आणि म्हणूनच लिफ्ट बंद पडते. लिफ्ट तोक्तारच्या लग्नाच्या आधीपासून बंद पडत होती, पण तेव्हा तिला कारण नव्हतं.

इमारतीच्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या रायखानबाई. त्या चौकशीला आल्या, आणि नेमक्या त्याच दिवशी आल्या ज्या दिवशी सकाळी आपा गावाहून टोईसाठी येऊन उतरली होती. बाईंनी बाल्कनीत उभं राहून कमरेवर हात ठेवले.

"तोके," त्या म्हणाल्या. तोक्तारला इमारतीत मानानं तोके म्हणत. मानानं हाक मारली की पुढे काहीतरी वाईट येतं हे त्याला अनुभवानं माहीत होतं. "हे यंत्र काय करतं?"

"आमच्याकडे जे आहे ते साठवून ठेवतं."

"म्हणजे जे आहे तेच पुन्हा?"

"हो. आणि मग त्याची आणखी एक प्रत. आणि मग आणखी एक."

"आणि मग?"

"मग ठेवून द्यायची."

"आणि बघायची कधी?"

"सगळं सुरळीत असलं तर कधीच नाही," तोक्तार अभिमानानं म्हणाला.

रायखानबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "तोके, मी काही काल जन्मले नाही," त्या म्हणाल्या. "नाणीच पाडताय ना?"

मंडळाकडून लेखी परवानगी हवी, विजेच्या खात्याचा दाखला हवा, आणि हे यंत्र बाल्कनीच्या वापरात बसतं की नाही याचा निर्णय सभेत होईल, असं त्या सांगू लागल्या. पण तेवढ्यात आतून आपानं हाक मारली, "दारात कोण उभंय? आत घ्या की, चहा झालाय." ऐंशीची म्हातारी बोलावते म्हटल्यावर चौकशी कसली नि काय? रायखानबाई बसल्या. चहानंतर जेवायला बसल्या. वास आला म्हणून गेन्नादी पेत्रोविचही वर आले. तोक्तारच्या बहिणीचा मुलगा अल्दियार सकाळपासून स्वयंपाकघरात बाउर्साक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, खात होताच.

जेवण लागेपर्यंत तोक्तारला राहवेना. लेखी परवानगीच्या अपमानानंतर त्याला कुठूनतरी शाबासकी हवी होती. त्यानं आपाला बाल्कनीशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि स्वच्छ केलेली धून लावली.

आपानं डोळे मिटले. धून चढत गेली. तोक्तार तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ऐन रंगात आल्यावर आपानं एक बोट वर केलं. लग्नात नवरानवरी यायच्या आधी बायका करतात तसं, थांबा, आता, आता. धून पुढे गेली. बोट तसंच वर राहिलं. मग आपानं डोळे उघडले.

"ते दाराचं कुठंय?"

"काढलं, आपा. मधेच येत होतं ते."

"तुझा बाप मधेच येत होता?"

"तसं नाही गं. टोईला एवढे लोक असणार. व्याही असणार. त्यांच्यासमोर ते मला दार लावायला सांगणार? माझं वय काय? कचेरीत माझ्या हाताखाली माणसं आहेत!"

"आणि ते दार लावतात का?" आपा म्हणाली.

"मूळची फाइल आहे ना, आपा. पुसलेली नाही. तीन-तीन ठिकाणी आहे."

"मग ती लाव टोईला."

"ती नाही शोभत."

आपा "हं" म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं ती अल्दियारशी काहीतरी कुजबुजताना काम्शातनं पाहिलं. पण आजी नातवाला आणखी एक बाउर्साक खा म्हणत असेल असं तिला वाटलं, कारण तेवढ्यात त्यानं आणखी एक खाल्ला.

जेवण झक्क झालं. रायखानबाईंनी मांस वाखाणलं, आणि आपण ते कसं शिजवतो ते सांगितलं. पन्नीतून काढायचंच नाही, पन्नीसकट पाण्यात सोडायचं, म्हणजे रस बाहेर जात नाही. गेन्नादी पेत्रोविचांनी पन्नीच्या रासायनिक दुष्परिणामांवर थोडं सांगितलं आणि पुन्हा वाढून घेतलं. चौकशीचं कुणी नावही काढलं नाही. तोक्तारला वाटलं, जिंकलो.

तेव्हा अल्दियारनं हात पुसले आणि म्हणाला, "मामा, तुमच्या खणातली ती काळी डबी मला द्या."

सगळ्यांच्या माना तोक्तारकडे वळल्या. त्यांच्या रीतीत बहिणीच्या मुलानं आजोळी काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. तीनदा मागायचा त्याला हक्क असतो, आणि त्याला नाही म्हणणाऱ्याचे हात म्हणे म्हातारपणी लटपटायला लागतात. अल्दियारनं पहिल्यांदा मागितली होती तोक्तारची कोल्ह्याच्या केसांची टोपी, ती मामानं पहिल्यांदा घातली त्याच दिवशी. दुसऱ्यांदा गळ टाकायची काठी. ही तिसरी मागणी. तीन-चार वर्षं हा पोरगा गप्प होता, तेव्हा तो एक दिवस घोडा किंवा मोटार मागणार म्हणून तोक्तार धसका घेऊन होता. डबी म्हणजे खरं तर स्वस्तात सुटल्यासारखं. पण धाकटा?

"अरे, तिचा तुला काय उपयोग? माझं घड्याळ घे."

"नको, मामा."

"नवा कोट घे."

"डबी."

"सर्व्हरच घेऊन जा ना, बाळा," काम्शात आशेनं म्हणाली. "तोसुद्धा काळाच आहे."

"दे रे," आपा चहाच्या वाटीवरून नजर न उचलता म्हणाली. "भाचा आहे."

तोक्तारनं धाकटा दिला. देताना हसला सुद्धा. धाकट्यावरच्या सगळ्या फाइली गेल्या तर गेल्या, सर्व्हर आहे आणि थोरला आहे. याचसाठी तर तीन ठिकाणी ठेवायचं असतं, असं त्यानं मनाला समजावलं. गेन्नादी पेत्रोविचांकडे बघितलं तेव्हा त्यांनीही डोळ्यांनी तेच सांगितलं.

पाहुणे निघाले तेव्हा रीतीप्रमाणे काम्शातनं प्रत्येकाच्या हातात सारकीत दिलं. आपल्या ताटातलं पाहुण्याच्या घरी गेलंच पाहिजे, बाउर्साक, मिठाई, मांसाचा एखादा तुकडा. ती पुडी पाहुण्यानं नाकारायची नाही, आणि यजमानानं तर तिचं पुन्हा नावही काढायचं नाही. रायखानबाईंना खूश ठेवायला हवं होतं, म्हणून काम्शातनं बाल्कनीत अंधारात हात घालून पन्नीतला त्यातल्या त्यात जड, चापट तुकडा निवडला.

दुसऱ्या दिवशी तोक्तार कचेरीत असताना आपाला वाटलं, त्या अध्यक्षीणबाईची नजर यंत्राला लागली आहे. नाहीतर एवढं घुंघुं कशाला करेल? बोलून चालून परकी बाई, कमरेवर हात ठेवून एवढा वेळ बघत होती. आपानं पिशवीतून नजर उतरवायच्या अद्रास्पान नावाच्या झुडपाची वाळलेली जुडी काढली, पेटवली, आणि तिचा धूर घेऊन यंत्राभोवती फेऱ्या मारायला लागली. यंत्राचा पंखा भला. त्यानं धूर आत ओढला, राख आत ओढली, आणि एक निखाराही आत ओढला. आतून तडतड आवाज आला, पिवळी ज्योत दिसली. ऐंशीच्या बाईला विस्तव कसा विझवायचा ते कुणी शिकवायला नको. हाताशी होता तो अख्खा चहाचा किटला तिनं यंत्रात ओतला.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्यानं डिस्क काढून नाकाशी नेली. "चहात दूध होतं?" त्यानं विचारलं.

"मीठही होतं," आपा म्हणाली. "आम्ही बिनमिठाचा पीत नाही."

"मग झालं," तो म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

काम्शातनं भीतभीत नवऱ्याकडे पाहिलं. आणि काय आश्चर्य! तोक्तार हसत होता. जन्मभर विमा भरणाऱ्याच्या घरी एकदाची चोरी झाली की तो जसा हसेल तसा. "आपा, तू काळजी करू नको," तो म्हणाला. "आज या घराला कळेल, मी काय करत होतो ते." त्यानं गेन्नादी पेत्रोविचांना साक्षीदार म्हणून वर बोलावलं, सगळ्यांना बसवलं, आणि धीम्या पावलांनी थोरल्याला आणायला बाल्कनीत गेला.

पहिली पन्नी उघडली. मांस. दुसरी उघडली. मांस. तिसरीतही मांस. चौथी उघडताना त्याची पावलं काही धीमी राहिली नव्हती, आणि पाचवीच्या वेळी गेन्नादी पेत्रोविच "शांतपणे, तोक्तार, शांतपणे" म्हणत स्वतःच पन्न्या फाडत होते. सगळं मांस उघडं पडलं. थोरला नाही.

"काम्शात!" तोक्तारचा आवाज चिरकला. "काल सारकीतात काय दिलंस?"

काम्शातला उत्तर द्यायची गरज पडली नाही. दाराची घंटा वाजली. दारात रायखानबाई, हातात पातेलं, आणि चेहऱ्यावर दुखावलेल्या माणसाचा करारीपणा.

"तोके, मी इमारतीची अध्यक्ष असले तरी आधी शेजारीण आहे," त्या म्हणाल्या. "घोडा म्हातारा होता तर तसं सांगायचं. दुपारभर उकळतेय. माझ्या घरी व्याही बसलेत, आणि सुरी लागत नाही!"

पातेल्यात, रश्शाच्या पिवळ्याधमक चरबीत, पन्नीतून अर्धा बाहेर आलेला थोरला तरंगत नव्हता, तळाशी बसला होता. कांदा आणि तमालपत्रही घातलं होतं. तोक्तारनं तो झाऱ्यानं बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. रायखानबाईंनी एकदा त्या डबीकडे, एकदा तोक्तारकडे पाहिलं.

"हीच का ती नाणी पाडायची?" त्यांनी हळूच विचारलं.

आता उरला धाकटा. गेन्नादी पेत्रोविच म्हणाले, सरळ जा आणि परत माग. बिचारे परके, त्यांना काय कळणार? भाच्याला दिलेलं परत मागायचं म्हणजे टोईच्या तोंडावर सगळ्या नात्यात शोभा. पण सकाळपर्यंत तोक्तारची ऐट पार उतरली. त्यानं अल्दियारला फोन लावला, आणि आधी हवापाणी, मग तब्येत, मग त्याच्या कोल्ह्याच्या टोपीची तब्येत विचारून झाल्यावर म्हणाला, "आणि ती डबी? मजेत आहे ना?"

"झकास, मामा! आतलं सगळं पुसून टाकलं आणि खेळ भरले. पुष्कळ मावतात हो."

तोक्तारनं फोन ठेवला आणि तिथंच चपलांच्या फळीवर बसला. वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता, माणसं होती, कामं होती, करायचं खूप होतं. आज करायचं काहीच नव्हतं. त्यानं वडिलांचा आवाज जपायला म्हणून एवढा आटापिटा केला, आणि स्वतःच्या हातानं कॅसेटी फेकून, पन्न्या गुंडाळून तो घालवला. काम्शात त्याच्याजवळ येऊन बसली. "राहू द्या ना" हे ती त्या दिवशी म्हणाली नाही, आणि त्याबद्दल तो तिचा आजही ऋणी आहे.

टोईचा दिवस उजाडला. हॉल गच्च. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि हॉलचं मोठं दार सारखं उघडं, कारण सिगारेट ओढायला गेलेला प्रत्येक व्याही ते तसंच टाकून आत येत होता. आपा पांढऱ्याशुभ्र रुमालात, मानाच्या जागी, खांद्यावर शाल ओढून बसली होती. तोक्तार ताटातलं मांस नुसतं इकडून तिकडे सरकवत होता. आईला सांगायचं कसं? अजूनही त्यानं सांगितलं नव्हतं. आपानंही विचारलं नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

सूत्रसंचालकानं माइक उचलला. "आणि आता, मंडळी, ज्याची सगळे वाट बघताहेत! आपांचे चिरंजीव तोक्तार आपल्याला ऐकवताहेत स्वर्गीय दोसान यांचा दोंब्रा!"

टाळ्या. तोक्तार उभा राहिला. माइक हातात आला, आणि तो हात लटपटत होता. मी भाच्याला नाही म्हणालो नव्हतो, मग हे का, असं त्याला उगाचच वाटलं.

"आपा," तो म्हणाला. "लोकहो. मी… वडिलांचं वाजवणं मी तीन ठिकाणी ठेवलं होतं. मी शहाणा आहे असं मला वाटत होतं. पण ते आता…"

मागच्या टेबलावर कुणाच्यातरी फोनमधून दोंब्रा वाजायला लागला.

तोक्तार थांबला. अल्दियारनं फोन डोक्यावर धरला होता. शेजारच्या टेबलावर पुतणीनं तीच धून लावली, क्षणभर उशिरा. मग चुलतभावानं, मग त्याच्या सुनेनं, मग गावाकडच्या त्या मावशीनं जिला फोन उचलायचा कसा तेही येत नव्हतं. कुठं पुढे, कुठं मागे, साऱ्या हॉलभर दोसान वाजवत होते.

"मामा, पुसायच्या आधी सगळ्यांना पाठवलं हो!" अल्दियार ओरडला. "आपानंच सांगितलं होतं! तुम्हाला कसं मिळणार? तुम्ही आपल्या नातेवाइकांच्या फोनवरच्या ग्रुपमधून बाहेर पडलात ना!"

पडला होता खरा. फुलांचे शुभसकाळचे निरोप फोनमध्ये नाहक जागा खातात, असं लिहून, ताठ मानेनं पडला होता. तोक्तारनं आपाकडे पाहिलं. आपानं डोळे मिटले होते. तिचं एक बोट वर होतं.

धून ऐन रंगात आली. आणि मग पहिल्या फोनमधून, दुसऱ्यातून, दहा-वीस फोनांतून, एकामागून एक, सगळ्या व्याह्यांसमोर:

"तोक्तार, दार लाव! थंडी येतेय!"

हॉलमध्ये असा हशा उसळला की वाट्या हलल्या. आपा हसत होती, आणि तिचे गाल ओले होते. तोक्तारनं माइक टेबलावर ठेवला. कोट सारखा केला. आणि कचेरीत हाताखाली माणसं असलेला तो गृहस्थ साऱ्या टेबलांमधून वाट काढत, नाक पुसत, हॉलच्या त्या टोकापर्यंत चालत गेला, आणि त्यानं दार लावलं.

"कडी पण घाल," आपा तिकडून ओरडली.